नाव पुसलेली कॅसेट

चौक गावात हायवेच्या कडेला माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. एका बाजूला पंक्चरवाला, दुसऱ्या बाजूला धाबा. रेडिओवर पोट भरत होतं तोवर मी सरळ माणूस होतो, असं मला अजूनही वाटतं. ऐंशी सालानंतर कधीतरी मी मुंबईहून दोन कप्प्यांचा टेपरेकॉर्डर आणला, दारावर ‘कॅसेट भरून मिळतील’ अशी पाटी ठोकली आणि पाहता पाहता रेडिओ कोपऱ्यात धूळ खात पडले.

कॅसेट भरणं म्हणजे काय, हे आता समजावून सांगावं लागतं. एका कप्प्यात गाण्यांची कॅसेट घालायची, दुसऱ्यात कोरी, आणि दोन बटणं एकदम दाबायची. इकडचं गाणं तिकडे जायचं आणि इकडचं इकडेही राहायचं. या गोष्टीची मला फार गंमत वाटायची. भाताचं पोतं कुणी उचलून नेलं तर माझ्या घरातलं पोतं कमी होतं. गाणं नेलं तर कुणाचंच काही कमी होत नाही, मग यात चोरी ती कसली? ट्रकवाले सिनेमाची गाणी सांगून धाब्यावर जेवायला बसायचे, हात धुऊन येईपर्यंत कॅसेट तयार असायची.

खालापूरच्या कोर्टाबाहेर अर्ज लिहून देणारे एक गृहस्थ माझे गिऱ्हाईक होते. जुनी नाट्यपदं भरून न्यायचे. त्यांनी एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, “सिनेमाच्या गाण्याला मालक असतो, कायदा असतो. उद्या धाड पडली तर मशीन उचलून नेतील. मला ओळखतो म्हणून सांगू नका.” मी विचारलं, मालक नसलेलं गाणं असतं का? ते म्हणाले, “असतं की. लग्नातली, शेतातली, बायकांची गाणी. ती कुणी लिहिली ते ठाऊक नाही, म्हणून ती कुणाचीच नाहीत.” बिचाऱ्यांनी चांगल्या मनानं सांगितलं होतं. मी ते वाक्य गिळलं, कारण ते माझ्या सोयीचं होतं.

आमच्या भागातल्या भातशेती करणाऱ्या लोकांच्या लग्नाला धवलारीण लागते. भटजी असो नसो, धवलारीण हवीच. हळद दळण्यापासून नवरी सासरी निघेपर्यंत प्रत्येक विधीला ती धवले गाते आणि तिच्या गाण्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही. आधी ती देवांना बोलावते. गावदेवी, डोंगरावरचा देव, घरातले मेलेले वडीलधारे, सगळ्यांना नाव घेऊन हाक मारते, आणि लग्न कुणाचं आहे ते सांगते. नवरीचं नाव, नवऱ्याचं नाव, दोन्ही घरची नावं गाण्यात ठिकठिकाणी गुंफलेली असतात. नावं प्रत्येक लग्नाला नवी. त्यामुळे तेच गाणं दर वेळी थोडं वेगळं व्हायचं, चालीत मावत नसेल तर नावासाठी ती ओळ लांबवायची, कधी एखादा शब्द टाकून द्यायची.

आमच्याकडची धवलारीण चौक आणि कुंभिवलीच्या मध्ये, हायवेपासून आत, एका वाडीत राहायची. साठीची असेल. काटकुळी बाई, दातांना मिश्री, जीभ तिखट. मुलगी लहान वयात वारली म्हणून तिची पोर, म्हणजे नात, हिनंच वाढवली होती. त्या नातीसाठी तिनं एक धवला मागे ठेवला आहे, तो कुणाच्याच लग्नात गायलेला नाही, असं बायका सांगायच्या. मी तिला त्याबद्दल छेडलं तर म्हणायची, “तुला काय करायचंय? तुजं लगीन झालंय.”

ती आवतणाशिवाय कुठे गात नसे. आवतण म्हणजे घरातल्या सवाशिणीनं सुपात तांदूळ आणि सुपारी घेऊन तिच्या दारात यायचं, तिचं नाव घेऊन बोलावायचं. ते आलं नाही तर सख्ख्या भावाच्या घरचं लग्न असलं तरी ती पाहुणी म्हणून जेवून यायची आणि तोंड मिटून बसायची. लोक तिला हट्टी म्हणायचे. मीही म्हणायचो.

मला तिचे धवले हवे होते. दुकानात येऊन गा म्हटलं असतं तर तिनं मला हायवेवर उभं करून झोडपलं असतं. लग्नाशिवाय धवला म्हणणं अशुभ, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी कुंभिवलीचं एक लग्न गाठलं. नवरीचा बाप ओळखीचा होता. त्याला विचारलं, लग्नाची आठवण म्हणून गाणी भरून घेऊ का? तो खूश झाला. मी मांडवाच्या खांबाला माईक बांधला आणि वायर चटईखालून नेली. धवलारणीनं माईक पाहिला. “लाउडस्पीकरला हाय का रं?” तिनं विचारलं. मी हो म्हणालो. कर्ण्याला जोडलेला माईक वेगळा होता, तो तिच्यासमोरच होता. मी खोटं बोललो हे मला बोलतानाच कळत होतं, पण एवढ्याशा खोट्यानं काय होतंय, असं मनात म्हटलं.

आवाज असा भरला गेला की मी स्वतः दोन दिवस तेच ऐकत बसलो. खडबडीत, पण खोलवरून येणारा. मधेच ती श्वास घ्यायची तोही ऐकू यायचा. त्या नवरीचं नाव त्या कॅसेटमध्ये अकरा वेळा होतं. ते नाव मी इथे लिहिणार नाही.

पहिल्या वर्षी कॅसेट ऐकायलाच नेली लोकांनी. मुंबईच्या गिरण्यांतली, कारखान्यांतली आपली माणसं न्यायची. मग एका लग्नात धवलारीण तापानं आजारी होती, तिथे कुणीतरी कॅसेट लावली. मांडव अडला नाही. लग्न लागलं, लोक जेवले. तिथून चाल पडली. नाव दुसऱ्याच पोरीचं यायचं, पण आमच्या लोकांनी त्यावर तोड काढली. नाव जवळ आलं की नवरीचा मामा कर्ण्यावर ओरडून खरं नाव सांगायचा. कधी वेळ चुकायची आणि दोन्ही नावं एकात एक व्हायची, मांडव हसायचा. देवाला कळतंय कुणाचं लगीन हाय ते, असं म्हणायचे. मीही त्यांच्यात हसलो आहे.

धवलारणीची आवतणं कमी होत गेली. ती मला रस्त्यात भेटायची, बोलायची नाही. कर्जतच्या बाजारात माझ्या कॅसेटची नक्कल, आणि त्या नकलेची नक्कल मिळू लागली होती. प्रत्येक नकलेला आवाज थोडा बारीक व्हायचा, खरखर वाढायची. आताच्या पोरांचं बरं आहे, त्यांच्या संगणकात हजारावी नक्कल पहिल्यासारखीच असते. आमच्याकडे निदान चोरीची खूण राहायची. गंमत म्हणजे कर्जतवाल्यावर मी भडकलो होतो. माझी कॅसेट विचारल्याशिवाय भरतोस, म्हणून त्याच्या दुकानात जाऊन तणतणलो होतो. त्यानं शांतपणे विचारलं, “तुझी? तू गातोस?”

मग जिच्या लग्नात मी गाणी भरली होती ती कुंभिवलीची पोर पहिल्या बाळंतपणात गेली. बाळही राहिलं नाही. मी तिच्या मयताला गेलो होतो. तिचं नाव माझ्या दुकानाच्या फळीवर ओळीनं लावलेल्या कॅसेटांमध्ये आहे, हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही.

ते सुचलं दहिवलीच्या एका म्हातारीला. तिथल्या लग्नात धवला सुरू झाला, नाव आलं आणि ती मांडवात उभी राहून ओरडली, “बंद करा ते! मेलेल्या पोरीचं नाव हाय. कुनाच्या हळदीत बोलावताय तिला?” मशीन बंद झालं. नवरीच्या आईनं तिथल्या तिथे हळद उतरवली, पुन्हा दळली. दोन दिवसांत ही गोष्ट खोपोलीपर्यंत पोचली.

चौथ्या दिवशी पोरीचा बाप दुकानात आला. खांद्यावर पिशवी होती. त्यानं ती फळीवर उपडी केली. तीस-चाळीस कॅसेटी असतील, घरोघर जाऊन मागून आणलेल्या. काहींची टेप त्यानं ओढून काढली होती, तिचा गुंता झाला होता.

“ज्यानं दिली नाय त्याच्या पाया पडलो,” तो म्हणाला. “पन तू भरतोस, तो कर्जतचा भरतो. मी कुठं कुठं जाऊ? माजी पोर जाळून आलो मी. आनि हितं देवाला सांगतात, हिचं लगीन हाय, या म्हनून. रोज सांगतात. माज्या पोरीचं नाव मला परत दे रं.”

मी त्याला पाणी दिलं. आजपासून ही कॅसेट भरणार नाही, असं सांगितलं. तो गेल्यावर मी दार लावून रडलो. हे सांगतो, कारण पुढे जे केलं ते रडून झाल्यावर केलं.

मूळ कॅसेट मी काढली. मागच्या कडेची प्लॅस्टिकची टिकली मोडलेली होती, चुकून पुसलं जाऊ नये म्हणून मीच मोडली होती. पुन्हा पुसता यावं म्हणून त्या भोकावर चिकटपट्टी लावली आणि मशीनवरचे आकडे लिहून घेत अकरा ठिकाणी नाव पुसलं. नवऱ्याचं नाव आणि दोन्ही घरची नावंही पुसली. पुसल्या जागी नुसती खरखर राहिली. पोरीच्या बापाला बोलावून ऐकवलं. तो डोळे मिटून ऐकत होता. पहिली मोकळी जागा आली तेव्हा त्याचा चेहरा पाहवेना. “झाकलीस तिला,” एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

इथे थांबायला हवं होतं. पण नाव पुसलेली कॅसेट हातात आली आणि माझ्या ध्यानात आलं की आता ही कुठल्याही लग्नाला चालेल. मोकळ्या जागेत ज्याचं त्यानं नाव घ्यावं. मामाला ओरडायची गरज नाही, दुसऱ्या कुणाच्या पोरीची अडचण नाही. मी जे बनवलं होतं ते मूळ गाण्यापेक्षा सोयीचं होतं, आणि मला त्याचा चक्क अभिमान वाटला.

अडचण एकच राहिली होती. लोक आता धवलारणीलाच भ्यायला लागले होते. तिच्या तोंडात मेलेलीचं नाव बसलंय, ती गायली की ते निघतं, असं बायका बोलायच्या. दोन ठिकाणचं आलेलं आवतण परत गेलं. एका घरानं तर सुपातून दिलेले तांदूळ परत मागून नेले.

त्या दिवसांत एका दुपारी ती दुकानात आली. धाब्यावरची दोन माणसं बाकावर बसली होती, ती तिला पाहून उठून गेली. ती फळीसमोर उभी राहिली.

“रं बाबा, मी त्या पोरीचं नाव एकदाच घेतलं. ती जिती व्हती, हलदीत बसली व्हती, तवा घेतलं. मंग कुनी घेतलं?”

मी फळीवरच्या कॅसेटी उगाच सरळ करू लागलो.

“तुज्या मशिननं घेतलं. आनि तोंड माजं काळं झालं.”

“मावशी, माझं चुकलं,” मी म्हणालो. “तुला लुगडं घेतो, काय म्हणशील ते...”

“लुगडं घाल चुलीत. गाना माजा नाय. सासूनं दिला, तिला तिच्या मावशीनं दिला. देताना एकच सांगितलं, बोलावल्याबिगर जायचं नाय. मी एवढी वर्सं राखलं. आनि तू मला न इचारता, मला आवतन नाय त्या घरात नेलंस. मी घरात भाकर खात बसले आनि मी पनवेलात गाते, मी खोपोलीत गाते. मला ठाव बी नाय कुनाच्या दारात गाते.”

मला तेव्हा अर्जवाल्या गृहस्थांचं वाक्य आठवलं. कुणी लिहिलं ते ठाऊक नाही म्हणून कुणाचं नाही. हिला लिहिण्यावाचण्याशी देणंघेणं नव्हतं. गाणं कुणाचं हे ती विचारतच नव्हती, गाण्याला कुणी बोलावलं हे विचारत होती. इतका साधा कायदा होता आणि तो सगळ्या वाडीला माहीत होता.

“आता काय करू?” मी विचारलं.

“सांग लोकांना. मांडवाच्या खांबाला काय बांदलं व्हतं ते सांग. म्हातारीनं मेलेलीचं नाव नाय घेतलं, म्या भरलं, म्या इकलं, असं सांग. नातीचं लगीन ठरलंय दहिवलीला. मला गायचंय. बाकी कुनाच्या लग्नात नको, तिच्या लग्नात गायचंय.” ती एवढं बोलून दाराशी गेली आणि पुन्हा वळली. “सांगशील ना रं?”

सांगतो, असं मी तिच्या पायाला हात लावून म्हणालो.

सांगितलं असतं तर काय झालं असतं? दुकान बसलं असतं. कदाचित दहिवलीवाल्यांनी मला बडवलं असतं. मी आज जाईन, उद्या जाईन करत राहिलो. आणि दरम्यान एक गिऱ्हाईक आलं, त्याला लग्नासाठी धवले हवे होते, पण त्या बाईचे नकोत, दुसरे असतील तर दे म्हणाला. माझ्याकडे नाव पुसलेली कॅसेट होती. टेपरेकॉर्डरमधल्या गाणं वाजवणाऱ्या कप्प्याच्या मोटरला मागे एक बारीक भोक असतं, आत स्क्रू असतो. तो थोडा फिरवला की टेप जराशी जोरात फिरते, आवाज चढतो, माणूस तरुण वाटतो. मी तो फिरवला आणि भरलं. वेष्टनावर लिहिलं, ‘पेणकडचे धवले’. गिऱ्हाइकानं विचारलं, बाई कोण? मी म्हणालो, पेणकडची कुणी आहे, मोठी धवलारीण.

पोरीचं नाव पुसण्याआधी निदान मी रडलो होतो. म्हातारीचं नाव पुसताना तेवढंही झालं नाही.

पेणकडचे धवले तुफान चालले. नातीच्या लग्नाला दहिवलीवाल्यांनी तेच मागवले आणि कर्ण्यासकट मलाच बोलावलं. लग्न नवऱ्याच्या दारात होतं. त्यांनी मुलीकडच्यांना निरोप धाडला होता, आजी येऊ दे, जेवू दे, पण तिनं धवला म्हणायचा नाही. मी जायचं टाळू शकलो असतो. दुसऱ्या कुणाला मशीन देऊन धाडलं असतं तरी चाललं असतं. पण म्हातारी काय करते ते मला पाहायचं होतं, हे कबूल करतो.

ती बायकांच्या ओळीत मागे बसली होती. नवं लुगडं होतं, तिनं स्वतः घेतलेलं. मला पाहून तिनं मान हलवली. मी सांगितलं असेल आणि लोकांनी ऐकलं नसेल, असं तिला वाटत असावं. मी बटण दाबलं.

दोन ओळी झाल्या आणि तिनं मान वर केली. कर्ण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज चढवला होता, पण श्वास कुठे घेतलाय हे तर तिला माहीत होतं. तिसऱ्या ओळीला तिचे ओठ हलू लागले, तिकडे श्वास आला तिथेच तिनं श्वास घेतला. मग नवरीच्या नावाची जागा आली आणि कर्ण्यातून नुसती खरखर आली. मोकळ्या जागेत नाव घ्यायचं हे त्या घरात कुणालातरी सांगायला मी विसरलो होतो. हळदीत बसलेली नात गोंधळून आजीकडे बघायला लागली. म्हातारीनं तोंड उघडलं. शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या आत्यानं तिच्या मांडीवर हात ठेवला आणि दाबला. खरखर संपली, गाणं पुढे गेलं.

माझं बोट बटणापासून चार बोटांवर होतं. बंद केलं असतं, खांबावरच्या माईकची गोष्ट उभं राहून सांगितली असती, तर त्या मांडवात कुणीतरी ऐकलंच असतं. मी कॅसेटकडे बघत बसलो.

अकरा वेळा ती जागा येणार होती. दुसऱ्या खेपेनंतर नातीनं वर पाहिलं नाही.

पहिली बाजू संपली तेव्हा आत्या म्हातारीला म्हणाली, “बघ मावशी, याला म्हंतात गला. पेनची बाय हाय. कसा सोच्छ हाय.”

म्हातारी म्हणाली, “हां, ब्येस हाय.” मग तिनं भर मांडवात मला विचारलं, “पोरा, कुनाचा रं ह्यो आवाज?”

बायका माझ्याकडे बघायला लागल्या. नातसुद्धा बघत होती. तिला आवाज ओळखू आला होता की नाही, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. म्हातारी थांबली होती. तिच्या तोंडावर राग नव्हता. तिनं मला शेवटची एक जागा मोकळी करून दिली होती, आणि मी काय घालतो ते ती बघत होती.

“पेणकडच्या बाईचा,” मी म्हणालो.

“जिती हाय का ती?”

मी हो म्हणालो आणि कॅसेट उलटी करून लावली.